चिमूटभर बारुदीचे माप

शाळेच्या पुस्तकात बारुदीचा इतिहास नेहमी मोठ्या आवाजात येतो. १५२६ साली पानिपतावर बाबराच्या तोफा, १५६८ साली अकबराने घेतलेला चितोड, श्रीरंगपट्टणला टिपू सुलतानाचे अग्निबाण. तोफ किती लांब होती, गोळा किती मणांचा होता, तट कसा कोसळला, हे सारे मुलांना पाठ असते. पण त्या तोफेत किंवा बंदुकीत बारूद किती घालायची हे कोण ठरवत होते, कसे ठरवत होते, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. जास्त घातली तर नळी फुटून बंदुकवाल्याचाच हात जाणार. कमी घातली तर नेम खाली जाणार. या दोन टोकांच्या मधला जो नेमका बिंदू आहे, त्याला उर्दूत ‘मिझान’ म्हणावे असे आम्हाला वाटते. मिझान म्हणजे तराजू, आणि तोल राखणारे मापही.

या लेखात आम्ही याच मापाविषयी लिहिणार आहोत. त्यासाठी वाचकांना दूर, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया, केंटकी आणि ओहायोच्या जंगलात यावे लागेल. कारण तिथे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न बादशहाच्या कारखान्यापुरता राहिला नव्हता. तो प्रत्येक गरीब शेतकऱ्याच्या अंगणात येऊन उभा होता. त्याचे उत्तर मणात किंवा शेरात नव्हते, चिमटीत मावेल एवढे होते.

ठासणीची बंदूक

कोकणातल्या वाचकांना ठासणीची बंदूक वेगळी सांगायला नको. नळीच्या तोंडातून आधी बारूद ओतायची, वरून गोळी घालायची, गजाने ठासून तळाला बसवायची आणि मग बार काढायचा. काडतूस नाही, मागून उघडणारी कळ नाही. अमेरिकेतील लांब बंदूक याच जातीची, फक्त तिच्या नळीच्या आत पिळाच्या चरी कोरलेल्या असत. या चरींमुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. अशा चरींच्या बंदुकीलाच रायफल म्हणतात.

हा हुनर जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून आलेल्या लोहारांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेनसिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टरच्या परिसरात नेला. त्यांच्या मूळ बंदुका आखूड आणि जाड भोकाच्या होत्या. नव्या मुलखात त्या लांब झाल्या, सडपातळ झाल्या. गोळी शिशाची, अगदी वाटोळी, आणि नळीच्या भोकापेक्षा किंचित लहान. तिच्याभोवती चरबी किंवा थुंकी लावलेली कापडाची चिंधी गुंडाळायची. चरी पकडते ती ही चिंधी, आणि चिंधीबरोबर गोळी फिरते. बार होताच चिंधी काही हातांवर गळून पडते. ही चिंधी वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे ती दोनदा आपल्याला भेटणार आहे.

जंगल रिकामे झाले, नळी बारीक झाली

सुरुवातीच्या काळात या बंदुकीच्या नळीचे भोक साधारण अर्धा इंच किंवा त्याहून मोठे असे. समोर अस्वल होते, हरीण होते, रानबैल होता. केंटकीत शॉनी, चेरोकी आणि इतर मूळ रहिवाशांच्या शिकारीच्या जमिनी होत्या. युद्धे, फसवे करार आणि वसाहतींचा रेटा यांपुढे त्यांना तिथून मागे हटावे लागले आणि त्यांच्यामागोमाग मोठे प्राणीही संपत गेले. एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत पूर्वेकडच्या जंगलांत मुख्यतः लहान शिकार उरली होती. तिच्यात सर्वांत मुबलक म्हणजे खार.

खार म्हटले की आपल्याला अंगणातली तीन पट्ट्यांची चिमुकली खार आठवते. अमेरिकेतली करडी खार तिच्या चार-पाचपट वजनाची, अर्धा किलोच्या आसपास, आणि तांबूस खार त्याहूनही मोठी. मक्याच्या शेतावर त्यांच्या झुंडी उतरत. १८०७ साली ओहायोच्या विधिमंडळाने करदात्यांवर कराबरोबर ठरावीक संख्येने खारींच्या टाळूचे कातडे जमा करण्याची सक्ती करणारा कायदा केला होता. यावरून उपद्रवाची कल्पना येते. खार हे शेतकऱ्याचे नुकसानही होते आणि त्याचे कालवणही.

आता अर्ध्या इंचाच्या गोळीने खार मारली तर हाती काय उरणार? म्हणून नळीचे भोक बारीक होत गेले. इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बत्तीस ते चाळीस भाग, एवढेच. अशा बंदुकीला तिथे खारीची बंदूक असेच नाव पडले. ती बारीक झाली याच्यामागे सोयीइतकाच त्या रिकाम्या झालेल्या जंगलाचा इतिहास आहे. हत्याराचा आकार पाहून त्या मुलखात काय शिल्लक राहिले होते ते ओळखता येते.

तोळा, मासा, गुंज

बारूद मोजण्याचे तिथले एकक ग्रेन. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. आपल्या सोनारांनी गुंजेचे बी धरले, त्यांनी धान्याचा दाणा धरला. दोन्हीकडची रीत एकच. आपला तोळा इंग्रजांनी १८३३ साली १८० ग्रेनचा ठरवला, त्यामुळे हिशेब सोपा झाला आहे. बारा मासे म्हणजे तोळा, म्हणून मासा १५ ग्रेनचा. आठ गुंजा म्हणजे मासा, म्हणून गुंज पावणेदोन ग्रेनपेक्षा थोडी जड.

बत्तीस भागांच्या नळीत बसणारी शिशाची गोळी सुमारे ४५ ग्रेनची असते, म्हणजे बरोबर पाव तोळा. तिच्यामागे घालायची बारूद साधारण २० ग्रेन, म्हणजे जेमतेम अकरा गुंजा. सोनाराच्या तराजूत नाकातल्या चमकीच्या शेजारी ठेवावे एवढे हे वजन आहे.

यातली बचत पाहा. पौंडात ७,००० ग्रेन असतात. एक पौंड शिशातून अर्ध्या इंचाच्या नळीच्या गोळ्या सुमारे ४० निघतात. बत्तीस भागांच्या नळीच्या सुमारे १५५. मोठ्या बंदुकीला एका बाराला ७० ग्रेन बारूद धरली तर पौंडाचे १०० बार होतात, लहान बंदुकीचे २० ग्रेनने ३५०. दुकान कित्येक कोसांवर, खिशात रोकड नाही, अशा माणसाला हा फरक म्हणजे वर्षभराचे कालवण होते.

पण बचतीबरोबर एक अडचणही आली. मोठ्या बंदुकीच्या ७० ग्रेनमध्ये हात चुकून ५ ग्रेन इकडेतिकडे झाले तर फरक शेकडा सातचा. लहान बंदुकीच्या २० ग्रेनमध्ये तेच ५ ग्रेन म्हणजे शेकडा पंचवीस. डोंगराएवढ्या भाताच्या पातेल्यात मीठ थोडे जास्त पडले तर खपते, वाटीभर आमटीत खपत नाही. लहान नळी चूक पोटात घालत नाही. त्यामुळे माप शोधण्याची खरी कला खारीच्या बंदुकीने शिकवली.

माप शोधण्याची रीत

सुरुवातीचा अंदाज घेण्यासाठी लोकांत काही ठोकताळे होते. सर्वांत जुना म्हणजे तळहाताचा. गोळी तळहातावर ठेवायची आणि शिंगातली बारूद तिच्यावर ओतायची. गोळी झाकली गेली की माप झाले. पक्ष्यांचा प्रसिद्ध चित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन (१७८५-१८५१) याने केंटकीतल्या शिकाऱ्यांना असे करताना पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. दुसरा ठोकताळा नळीच्या आकड्याचा: बत्तीसची नळी असेल तर बत्तीस ग्रेनच्या आसपास. पण खारीसाठी बरेचजण याच्या खालीच राहत. तिसरा कानाचा: बारूद वाढवत नेली की एका टप्प्यावर ‘धप’ असा जाड आवाज जाऊन ‘तड’ असा कोरडा आवाज येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे १,१२५ फूट जातो; गोळीने ती मर्यादा ओलांडली की हवा अशी तडकते. चौथा डोळ्याचा: बर्फावर उभे राहून बार काढायचा आणि पांढऱ्यावर न जळलेल्या बारुदीचे काळे कण पडतात का ते पाहायचे. पडले तर समजायचे की जास्तीची बारूद नळीत जळत नाही, बाहेर उधळते आहे. फिजूलखर्ची!

हे सारे ठोकताळे म्हणजे दाराशी पोचवणारी वाट. आत जायचे तर बंदुकीलाच विचारावे लागते. त्याची रीत अशी: बंदूक ओंडक्यावर टेकवून स्थिर करायची. पंचवीस पावलांवर खूण लावायची. पंधरा ग्रेनसारख्या कमी मापापासून सुरुवात करून त्याच मापाचे पाच बार काढायचे. पाच भोके किती जवळजवळ पडली ते पाहायचे. मग थोडी बारूद वाढवून पुन्हा पाच. भोके जवळ येत जातात, येत जातात, आणि एका मापानंतर पुन्हा पांगू लागतात. ती पांगू लागली की मागे फिरायचे. सर्वांत घट्ट जमलेला पुंजका ज्या मापाने पडला तेच त्या बंदुकीचे माप.

यात दोन अटी आहेत. पहिली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बारूद बदलली तर चिंधी तीच, चरबी तीच, गोळी तीच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशाने झाली ते कधीच कळणार नाही. दुसरी, दर बारानंतर नळी ओल्या चिंधीने पुसायची. काळी बारूद जळते तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त भाग धूर आणि काजळी होतो, वायू होत नाही. मोठ्या नळीत ही काजळी चार बार सहन होते. बारीक नळीत दुसऱ्या-तिसऱ्या बारालाच गोळी खाली सरकेनाशी होते. शिवाय ती काजळी हवेतला ओलावा ओढून लोखंड खाते. म्हणून संध्याकाळी बंदूक पाण्याने धुतल्याशिवाय शिकारी झोपत नसे.

उत्तर सांगणारा आणखी एक साक्षीदार होता, ती गळून पडलेली चिंधी. ती उचलून पाहायची. शाबूत असेल, कडेला जराशी करपली असेल तर सर्व ठीक. मधोमध जळून भोक पडले असेल तर बारूद जास्त आहे किंवा चिंधी पातळ आहे. कडा कापल्या असतील तर नळीच्या तोंडाची धार तीक्ष्ण आहे. अक्षरओळख नसलेला माणूसही जळलेल्या चिंधीवरचा हा मजकूर वाचू शकत होता.

माप एकदा सापडले की हरणाच्या शिंगाचे टोक पोखरून त्यात तेवढीच बारूद मावेल असे मापटे करत. जास्त मावत असेल तर तोंड घासून कमी करत. हे मापटे बारुदीच्या शिंगाबरोबर चामड्याच्या दोरीने गळ्यात असे. शिंगातून थेट नळीत बारूद ओतायची नाही, हा पक्का दंडक होता. नळीत मागच्या बाराची ठिणगी राहिली असेल तर मापट्यातली चिमूटभर जळेल, पण शिंगातली सगळी पेटली तर माणूस जाईल. तसेच गोळी बारुदीला टेकलीच पाहिजे; मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. ही मापटी आज संग्रहालयांत दिसतात. त्यांच्यावर आकडा क्वचितच असतो, कारण ते माप एकाच बंदुकीचे होते. शेजाऱ्याच्या बंदुकीचे माप वेगळे. एकाच लोहाराने, एकाच भट्टीवर घडवलेल्या दोन नळ्यासुद्धा सारखे माप घेत नसत. वर्गात चाळीस मुलांसमोर उभे राहणाऱ्याला ही गोष्ट नवी वाटणार नाही.

ऑड्युबॉनने आणखी एक हकीकत लिहिली आहे. फ्रँकफर्ट गावाजवळ डॅनियल बून या नामांकित शिकाऱ्याने त्याला दाखवले की खारीला गोळी मारायचीच नाही. ती ज्या फांदीला चिकटली आहे त्या फांदीची साल तिच्या अंगाखाली उडवायची. धक्क्यानेच खार खाली पडते आणि मांस शाबूत राहते. बून १७९९ सालीच केंटकी सोडून मिसुरीला गेला होता आणि ऑड्युबॉन केंटकीत १८०७ साली आला. त्यामुळे ही भेट झाली की नाही, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. पण सालीवर नेम धरण्याची पद्धत शिकाऱ्यांत प्रचलित होती. तिचा अर्थ उघड आहे. जोर पुरेसा झाला की पुढचा सारा सवाल नेमाचा असतो.

नळी किती सोसते, नळीला किती पुरते

आपल्याकडे या मापाचा विचार झाला नव्हता असे मुळीच नाही. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बंदुकांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. पूर्वी नळी पाव भागापेक्षा जास्त भरता येत नसे, असे तो सांगतो. अकबराच्या कारखान्यात लोखंडाची पट्टी तिरकी पिळत गुंडाळून नळी करण्याची पद्धत आली आणि मग नळी तोंडापर्यंत भरून उडवली तरी फुटेना. उस्ताद कबीर आणि हुसेन या कारागिरांची नावेही त्याने नोंदवली आहेत. बादशहाच्या ग्रंथात लोहाराचे नाव यावे ही मोठी गोष्ट आहे.

फरक प्रश्नात आहे. बादशाही कारखान्याचा प्रश्न होता: नळी जास्तीत जास्त किती सोसते? खारीच्या शिकाऱ्याचा प्रश्न होता: नळीला कमीत कमी किती पुरते? पहिल्या प्रश्नातून ताकद मोजली जाते, दुसऱ्यातून शहाणपण. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण इतिहासात पहिलाच जास्त लिहिला गेला.

दुसऱ्या प्रश्नाला किताबी आधार मिळाला तो इंग्लंडमध्ये. बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञाने १७४२ साली तोफविद्येवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. टांगलेल्या जड लोलकावर गोळी मारायची आणि लोलक किती मागे झुलला त्यावरून गोळीचा वेग काढायचा, ही त्याची युक्ती. बंदुकीची गोळी सेकंदाला सुमारे १,७०० फूट वेगाने निघते हे त्यातून कळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हवा या गोळीला किती प्रचंड अडवते ते कळले. गोळी जितकी वेगवान आणि जितकी हलकी, तितका तिचा वेग लवकर गळतो. म्हणजे बारूद दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही, दीडपटीच्याही आत राहतो, आणि त्यातलाही बराचसा वेग हवाच खाऊन टाकते. पाव तोळ्याच्या गोळीमागे मूठभर बारूद घालणे म्हणजे दांडगाई. जंगलातल्या शिकाऱ्याने रॉबिन्सचे नाव ऐकले नसेल, पण बर्फावरचे काळे कण पाहून तो त्याच निष्कर्षावर आला होता. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड किल्ल्यात तापाने वारला.

सोरा कोणाचा?

त्या अकरा गुंजांत काय होते तेही पाहू. शंभर भाग काळ्या बारुदीत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. म्हणजे बारूद हे मुख्यतः सोऱ्याचेच दुसरे नाव. हे ज्ञान चीनमध्ये जन्मले. अरबीत सोऱ्याला ‘चीनचे बर्फ’ आणि फारसीत ‘चिनी मीठ’ म्हणत, यातच त्याचा प्रवास नोंदलेला आहे. तेराव्या शतकात शाम देशातील हसन अल-रम्माह याने युद्धविद्येवरील आपल्या ग्रंथात सोरा शुद्ध करण्याची कृती दिली. त्यात लाकडाची राख वापरून सोऱ्यातले नको ते क्षार वेगळे काढायला सांगितले आहे. कारण अशुद्ध सोरा हवेतले पाणी ओढतो आणि बारूद ओली पडते.

आता केंटकीकडे या. १८१२ ते १८१५ च्या युद्धात इंग्रजांनी अमेरिकेची समुद्रवाट अडवली आणि बाहेरचा सोरा आटला. तेव्हा केंटकीतील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेतली माती धुऊन सोरा काढण्यात आला. हे काम काळ्या गुलामांकडून करवून घेतले गेले. दिव्यांच्या उजेडात माती उपसायची, लाकडी हौदांत पाण्याने निथळायची, आणि त्या पाण्यात लाकडाच्या राखेचे पाणी मिसळायचे. राख तीच, जी अल-रम्माहने सांगितली होती. हातात मात्र बेड्या होत्या.

शांततेच्या काळात अमेरिकेत येणारा चांगला सोरा हिंदुस्थानचा असे. बिहारमध्ये नोनिया जातीचे लोक जुन्या वस्त्यांची, गोठ्यांच्या कडेची खारट माती खरवडून, निथळून, आटवून तो तयार करत. या मालासाठी डच, फ्रेंच, इंग्रज पाटण्यात वखारी घालून बसले होते. प्लासीनंतर १७५८ साली कंपनीने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ताच मिळवला. १८०२ साली डेलावेअरमधील ब्रँडिवाइन नदीकाठी सुरू झालेला द्यू पाँ यांचा बारूद कारखाना हिंदुस्थानी सोरा वापरत असे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६१ च्या अखेरीस याच घराण्यातील लामो द्यू पाँ इंग्लंडमध्ये सोरा विकत घ्यायला गेला, तेव्हा इंग्लंडने जहाजाच्या एका तंट्यावरून निर्यात अडवून धरली. तो सोरा हिंदुस्थानचाच होता. तंटा मिटल्यावर माल सुटला.

म्हणजे केंटकीचा शिकारी गुंजभर बारूद वाचवत होता तेव्हा, त्याला माहीत नसले तरी, तो नोनियाची आणि गुलामाची मेहनत वाचवत होता. यांची नावे कोणत्याही अबुल फजलने लिहून ठेवली नाहीत.

तयार माप आणि दातातले काडतूस

स्वतः शोधलेल्या मापाच्या विरुद्ध टोकाला सरकारने पाठवलेले माप असते. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल हीदेखील ठासणीचीच होती. तिच्या कागदी काडतुसात सुमारे ६८ ग्रेन बारूद आधीच मोजून भरलेली असे. गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ तीन तोळ्यांची. पुढे एनफिल्डचा कारखाना अमेरिकी धर्तीच्या यंत्रांनी सजला आणि सगळ्या नळ्या एकसारख्या निघू लागल्या. एकसारख्या नळीला एकसारखे माप. शिपायाला काही शोधायचे, तपासायचे कारण उरले नाही. काडतूस दाताने फाडायचे, बारूद ओतायची, गोळी ठासायची.

चिंधीचे काम आता काडतुसाच्या चरबी लावलेल्या कागदाकडे गेले होते. केंटकीच्या शिकाऱ्याला आपल्या चिंधीला कोणती चरबी लावली आहे हे ठाऊक असे, कारण ती त्यानेच लावलेली असे. हिंदुस्थानी शिपायाला ते ठाऊक नव्हते, आणि विचारायची सोय नव्हती. पुढची हकीकत प्रत्येक वाचकाला माहीत आहे. २४ एप्रिल १८५७ रोजी मेरठच्या ८५ घोडेस्वारांनी, हिंदू आणि मुसलमान दोघांनी, काडतुसे हाती घेण्यास नकार दिला. त्या दिवशीची काडतुसे जुन्याच धर्तीची होती, असे इतिहासकार सांगतात. पण तोवर विश्वास उडाला होता. ९ मे रोजी त्यांना सर्वांसमोर बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटले. बंडाची कारणे अनेक होती, ती सगळी एका काडतुसात कोंबणे चूक ठरेल. तरी एवढे खरे की दुसऱ्याने बंद करून दिलेले माप तोंडाने फाडायची सक्ती झाली, तेव्हा आत काय आहे हा प्रश्न आगीसारखा पसरला.

याच्या उलट चित्र पाच वर्षांनी ओहायोत दिसते. सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेच्या बंडखोर फौजा सिनसिनाटी शहराच्या दिशेने निघाल्या. गव्हर्नर डेव्हिड टॉड यांनी हाक दिली आणि पंधरा हजारांहून अधिक शेतकरी घरच्या बंदुका, गळ्यात शिंग आणि मापटे घेऊन शहरात जमले. त्यांना ‘खारीचे शिकारी’ असेच नाव पडले. बंदुकीचे भोक प्रत्येकाचे वेगळे, माप प्रत्येकाचे वेगळे. लष्करी दृष्टीने हा गोंधळच. एकाची गोळी दुसऱ्याला चालणे कठीण. मोठी लढाई झाली नाही, समोरची फौज काही दिवसांत मागे फिरली आणि हे लोक घरी गेले. पुढे राज्याने त्यांना मानाचे दाखले दिले. पण युद्ध जिंकले ते कारखान्यातल्या तयार मापानेच. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तयार माप फौजा घडवते. स्वतःचे माप माणसाला जाणता करते. दोन्हींचे हिशेब वेगवेगळे आहेत.

अखेरचे चार शब्द

आमच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या मापाचा हुनर जपणारे लोक आहेत. शिकलगाराला धार किती द्यायची ते कळते, अत्तारदार थेंबाने मोजतो, मुदपाकखान्यातला भटारी शंभर माणसांच्या देगेत मीठ अंदाजाने घालतो आणि ते बरोबर निघते. हे इल्म नाही, नुसती सवय आहे, असे शिकलेली माणसे म्हणतात. खारीच्या बंदुकीचा इतिहास याचे उत्तर देतो. कमीपासून सुरुवात, एका वेळी एकच बदल, पाचदा पडताळा, पडलेली चिंधी उचलून तपासणे आणि पुंजका पांगू लागला की मुकाट्याने मागे येणे, ही प्रयोगशाळेचीच शिस्त आहे. ती अक्षर न येणाऱ्या माणसांनी ओंडक्यावर टेकून पाळली. आमच्या मुलांना विज्ञानाच्या पहिल्या धड्यात हे सांगितले तर त्यांना आपले वडील आणि आजोबाही त्या धड्यात सापडतील.

बारूद आज तशी राहिली नाही, ती जंगलेही राहिली नाहीत. आपल्याकडे खारीचा मोठा भाऊ शेकरू हा राज्यप्राणी आहे, आणि त्याच्यावर बंदूक रोखणे गुन्हा आहे, ते योग्यच आहे. पण मापटे मात्र जपून ठेवण्यासारखे आहे. आज प्रत्येक गोष्टीत, बोलण्यात, रागात, खर्चात, लग्नाच्या मांडवात आणि मिरवणुकीच्या आवाजात, नळी किती सोसते तेच आजमावले जात आहे. नळीला किती पुरते, हे विचारणारा एखादा तरी प्रत्येक घरात असावा.